रस्त्याचा हक्क आणि दुसऱ्या रांगेत उभी केलेली गाडी



सकाळी शाळा-महाविद्यालयांच्या वेळेस भंडारा, तुमसर, पवनी किंवा साकोली यांपैकी कोणत्याही गावाच्या बाजाररस्त्यावर क्षणभर उभे राहून पाहावे. रस्त्याच्या कडेला दुचाकी आणि मोटारी आधीच लागलेल्या असतात. त्यांच्या बाजूला, रस्त्याच्या अंगाने, किराण्याचा टेम्पो येऊन थांबतो. त्याच्या मागे पाण्याच्या कॅनची गाडी, तिच्या मागे घरपोच पार्सल वाटणारी छोटी व्हॅन. चालक दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकते ठेवून माल घेऊन दुकानात शिरतो. दिवे लावले म्हणजे परवानगी मिळाली, अशी त्याची समजूत असते. इतक्यात मागून एसटीची बस येते. समोरून ट्रॅक्टर आलेला असतो. वाहक खाली उतरून शिट्टी वाजवतो, चालक गाडी हातभर मागे घेतो, पुन्हा हातभर पुढे नेतो. पाच मिनिटे जातात, कधी सात. दुकानातून आवाज येतो, "दोनच मिनिटं हो!"

या दोन मिनिटांविषयी इस्लामी शिकवण काय सांगते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटेल. रोजा, नमाज, जकात यांवर लिहायचे सोडून गाड्या लावण्यावर काय लिहायचे, असेही कुणाला वाटेल. पण वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानच्या सत्तरहून अधिक शाखांमध्ये गणले आहे. ही शाखा सर्वांत खालची आहे हे खरे. परंतु ती झाडाचीच शाखा आहे. वाटेवरची काटेरी फांदी बाजूला करणाऱ्या एका माणसाची अल्लाहने कदर केली आणि त्याला क्षमा केली, हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. फांदी उचलणाऱ्याला क्षमा मिळत असेल, तर वाटेत फांदी आणून टाकणाऱ्याने आपल्या हिशेबाची चिंता करायला नको काय?

रस्त्याच्या हक्कासंबंधीची प्रसिद्ध हदीस हजरत अबू सईद खुदरी (र.) यांच्याकडून आलेली आहे. प्रेषितांनी (स.) सहाबींना रस्त्यांवर बसण्यापासून सावध केले. सहाबींनी अडचण मांडली की आमच्या बैठका तिथेच होतात, त्यांवाचून आमचे चालत नाही. यावर प्रेषितांनी (स.) त्यांची गरज नाकारली नाही. बसणारच असाल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, असे त्यांनी सांगितले. हक्क कोणता, असे विचारल्यावर चार गोष्टी सांगितल्या: नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास होऊ न देणे, सलामचे उत्तर देणे, आणि भल्याचा आदेश देऊन वाइटापासून रोखणे. या हदीसवर बोलताना आपण बहुधा नजरेपाशी थांबतो. दुसऱ्या हक्काकडे, म्हणजे त्रास होऊ न देण्याकडे, आपले लक्ष कमी जाते. आणि येथे शब्दप्रयोगही पाहण्यासारखा आहे. हक्क रस्त्यावरून जाणाऱ्याचा तर आहेच. पण तो रस्त्याचाच हक्क म्हणून सांगितला गेला, जणू रस्ता हाच एक हक्कदार आहे आणि त्याचे देणे आपल्या अंगावर आहे.

याहून थेट लागू पडणारा एक प्रसंग अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत मुआज बिन अनस (र.) यांच्याकडून नोंदलेला आहे. एका मोहिमेत लोकांनी मुक्कामाच्या ठिकाणी इतकी दाटी केली की इतरांना जागा उरली नाही आणि वाट अडली. तेव्हा प्रेषितांनी (स.) दवंडी देणारा पाठवून जाहीर केले की जो मुक्कामाची जागा कोंडतो किंवा वाट अडवतो त्याचा जिहाद नाही. विचार करा, हे लोक कोणत्या कामासाठी घराबाहेर पडले होते! इतक्या मोठ्या कार्यासाठी निघालेल्यांनाही वाट अडवण्याची सवलत मिळाली नाही. मग साबणाचे खोके उतरवण्यासाठी ती कुठून मिळणार?

आता थोडे मोजमाप करू. रस्त्याच्या रुंदीवरून लोकांत वाद झाला तर ती सात हात ठेवावी, असा निर्णय प्रेषितांनी (स.) दिल्याचे बुखारी आणि मुस्लिम यांत आले आहे. हात म्हणजे सुमारे दीड फूट. सात हात म्हणजे साधारण साडेदहा फूट. लादलेली ओझी येता-जाता यावीत, हे त्यामागचे कारण हदीसच्या भाष्यकारांनी सांगितले आहे. म्हणजे हा आकडा त्या काळच्या सर्वांत रुंद प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेला होता. आपल्या रस्त्यावरचा सर्वांत रुंद नित्याचा प्रवासी म्हणजे एसटीची बस. भारतातील नियमानुसार बसची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट असू शकते. बाजूचे आरसे त्याहूनही बाहेर येतात. समजा, बाजारातील एक रस्ता २४ फूट रुंद आहे. दोन्ही कडांना पाच-पाच फूट गाड्यांनी व्यापले, तरी १४ फूट उरतात. सात हातांपेक्षा ते जास्तच आहेत, बस निर्वेधपणे जाईल. त्यात दुसऱ्या रांगेत पाच फुटांचा छोटा मालवाहू टेम्पो उभा केला की उरतात नऊ फूट. बस अडली. चौदाशे वर्षांपूर्वी लादलेल्या उंटासाठी जी जागा राखली गेली, ती आपण माणसांनी भरलेल्या बसलाही ठेवली नाही. सात हात हा आकडा सर्व काळांसाठी बांधलेला आहे असा माझा दावा नाही. मोठ्या रस्त्यांना याहून अधिक रुंदी लागते हे उघडच आहे. मुद्दा हा की रस्त्याचे माप तिथून जाणाऱ्याच्या गरजेवरून ठरते, थांबणाऱ्याच्या सोयीवरून नव्हे.

बस पाच मिनिटे अडली तर बिघडले काय, असे विचारणाऱ्याने एसटीची फेरी कशी चालते हे समजून घ्यावे. एकच गाडी दिवसभरात अनेक फेऱ्या करते. गावाला जाऊन ती परत येते आणि मग दुसऱ्या मार्गावर निघते. सकाळी गेलेली पाच मिनिटे त्या फेरीतच संपत नाहीत, ती पुढच्या फेरीच्या कपाळी येतात. शिवाय बस उशिरा येते तेव्हा थांब्यावर माणसे अधिक जमलेली असतात. त्यांना चढायला, तिकीट काढायला अधिक वेळ लागतो, आणि उशीर आणखी वाढतो. कधी मागची बस पुढच्या बसला येऊन भिडते. पहिली खचाखच भरलेली, दुसरी अर्धी रिकामी, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. संध्याकाळपर्यंत साचलेला उशीर भरून काढायचा तर एखादी फेरी गाळावी लागते. जी फेरी गळते ती बहुधा लांबच्या खेड्याची असते. बाजारात टेम्पो उभा करणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला फक्त त्याच्या मागे वाजणारा हॉर्न ऐकू येतो, आणि तोही तो ऐकून सोडून देतो.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीला अधिक वजन आहे. भंडारा शहरात रेल्वे येत नाही. 'भंडारा रोड' हे स्थानक शहराबाहेर वरठीला आहे. सुमारे साठ किलोमीटरवरच्या नागपूरला रुग्णालयासाठी, न्यायालयाच्या कामासाठी, शिक्षणासाठी जाणाऱ्याला आणि तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्याला एसटीचाच आधार असतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून ही सेवा ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याची राहिली आहे. आज तिच्यात कोण बसते ते पाहा. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, शाळकरी मुलींना पास आहेत. म्हणजे म्हातारी माणसे, स्त्रिया, विद्यार्थिनी आणि मजूर. यांपैकी कुणाच्याही हातात त्या टेम्पोच्या चालकाला हलवण्याची ताकद नाही. साधा हिशेब करा: बसमध्ये चाळीस माणसे आहेत आणि बस सहा मिनिटे अडली, तर २४० मिनिटे, म्हणजे माणसांच्या आयुष्यातील चार तास गेले. एका दुकानदाराची काही पावले वाचावीत म्हणून ते खर्च झाले. कुणाच्या खिशातून न विचारता चार रुपये काढले तर त्याला आपण काय म्हणतो, हे सांगायची गरज नाही. वेळेबाबत मात्र आपले मन इतके स्वच्छ बोलत नाही.

येथे व्यापारी बंधू एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. हलाल कमाई हीदेखील इबादत आहे. माल दुकानात यायचाच. तो आकाशातून पडणार नाही. धर्म आम्हाला दुकान बंद करायला सांगतो काय? मुळीच नाही. याचे उत्तर इमाम गझाली (मृत्यू हिजरी ५०५, इ.स. ११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये देऊन ठेवले आहे. मशिदीत, बाजारात, हमामात आणि मेजवान्यांत सर्रास घडणारी गैरकृत्ये सांगताना त्यांनी रस्त्यांचाही स्वतंत्र विचार केला आहे. रस्त्यात चौथरे बांधणे, खांब रोवणे, सरपण आणि धान्याची ओझी टाकून ठेवणे, यांनी वाट अरुंद होऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास होत असेल तर ते निषिद्ध आहे, असे ते सांगतात. पण घरात न्यायचे सरपण किंवा धान्य तेवढ्यापुरते रस्त्यावर उतरवायला त्यांची मनाई नाही, कारण ही सर्वांचीच गरज आहे. जनावर रस्त्यात बांधण्याविषयीही तसेच: स्वार होण्यापुरता आणि उतरण्यापुरता वेळ चालेल, त्याहून अधिक नाही. कारण रस्ते हे सर्वांच्या उपयोगाचे आहेत, गरजेपलीकडे कुणी एकट्याने ते बळकावू शकत नाही.

नऊशे वर्षांपूर्वीचे हे विवेचन वाचताना गंमत वाटते. उंटाच्या जागी टेम्पो ठेवा, सरपणाच्या जागी तेलाचे डबे ठेवा, कुठेच काही बदलावे लागत नाही. यातून दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. एक, माल उतरवणे. दुसरी, माल उतरवण्याच्या निमित्ताने उभे राहणे. पहिलीला सवलत आहे, तीही वाट मोकळी राहत असेल तर. दुसरीला नाही. चालक गाडीजवळ आहे, दुकानातला पोऱ्या दारात तयार उभा आहे, डबे हातोहात आत जात आहेत आणि शेवटचा डबा उतरताच गाडी हलते, ही झाली गरज. गाडी तशीच ठेवून बिल तपासणे, मागची थकबाकी काढणे, चहा मागवणे, मग सावकाश माल मोजणे, याला गरज म्हणता येणार नाही. गरजेने मिळालेली सवलत गरजेच्या मापाचीच असते, हा फिक्हचा सर्वमान्य नियम आहे. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या संहितेतही तो नोंदलेला आहे. त्याच संहितेत असेही सांगितले आहे की सार्वजनिक हानी टाळण्यासाठी खासगी हानी सोसावी. म्हणजे गाडी रुंद चौकात उभी करून हातगाडीने माल आणायला हमालाचे चार पैसे अधिक द्यावे लागले, तर ते दुकानदाराने द्यायचे. त्यासाठी बसमधल्या चाळीस जणांनी आपला वेळ द्यायचा नाही.

दोष कुणाचा, हाही प्रश्न नीट पाहायला हवा. लोक चालकावर ओरडतात, कारण तो समोर असतो. शरीअतच्या न्यायातही कृत्याची जबाबदारी आधी प्रत्यक्ष करणाऱ्यावरच येते, त्यामुळे तो सुटत नाही. पण पार्सल वाटणारा तरुण बहुधा नगावर पैसे मिळवतो. दिवसाला ठरावीक पार्सले पोहोचवली नाहीत तर त्याची कमाई कमी होते. त्याला थांबायला जागा कुणी ठेवलेली नसते. प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीविषयी विचारले जाईल, ही हदीस आपण मुलांना पाठ करून घेतो. त्या अर्थाने ज्याच्या दारासाठी गाडी थांबली तो दुकानदारही राखणदार आहे, आणि फोनवरून वस्तू मागवून 'खाली आहे, वर घेऊन या' म्हणणारे कुटुंबही. या ओळी लिहिणाराही त्यात आहे. पुस्तकांचा गठ्ठा आला तेव्हा माझ्याच दारासमोर व्हॅन दुसऱ्या रांगेत थांबली होती आणि मी सावकाश चश्मा शोधत होतो. दोन जिने उतरून, कोपऱ्यावर जाऊन गठ्ठा घेणे मला अशक्य नव्हते.

देशाचा कायदाही याबाबत मोघम नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२२ नुसार रस्त्याच्या इतर वापरकर्त्यांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडून ठेवता येत नाही. १९८९ च्या रस्ता नियमांत दुसऱ्या उभ्या वाहनाच्या बाजूला वाहन लावण्यास मनाई होती, तशीच ती बसथांबा, शाळा आणि रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळही होती. वाहन चालवण्याचा परवाना घेताना आपण हे नियम मान्य केलेले असतात. तो एक करार आहे, आणि दिव्य कुरआनने सूरह माइदाच्या आरंभीच श्रद्धावंतांना करार पाळण्याचा आदेश दिलेला आहे. न्यूयॉर्क शहरात आता बसगाड्यांवरच कॅमेरे बसवून वाट अडवणाऱ्या वाहनांना दंड केला जातो. २०२४ पासून त्यात दुसऱ्या रांगेत उभी केलेली वाहनेही आली. आपल्या गावात कॅमेरा नसेल. पण खांद्यावरचे लिहिणारे फरिश्ते आहेत यावर आपला विश्वास आहे ना?

"एसटीवालेही कुठेही गाडी थांबवतात, ऑटोवाले तर विचारूच नका," असेही ऐकू येते. यात तथ्य आहे, आणि त्यांचा जाब त्यांना द्यावा लागेल. परंतु एक हानी दुसऱ्या तशाच हानीने दूर होत नाही, हाही फिक्हचाच नियम.

आता या विषयातील सर्वांत अवघड भागाकडे येऊ. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर माणूस पश्चात्ताप करतो, आणि अल्लाह अत्यंत क्षमाशील आहे. माणसांच्या हक्कात, हुकूकुल इबादमध्ये, कसूर झाली तर मात्र तौबा पुरी व्हायला हक्कदाराचे देणे द्यावे लागते किंवा त्याच्याकडून माफी मिळवावी लागते. शेजाऱ्याशी भांडलात तर त्याचे दार ठाऊक आहे. उधार बुडवलीत तर सावकाराचे नाव ठाऊक आहे. पण त्या बसमध्ये कोण होते? खिडकीशी बसलेली मुलगी बारावीच्या पेपराला निघाली होती की आजोळी? मागच्या बाकावरचे आजोबा डायलिसिसच्या वेळेसाठी निघाले होते काय? अर्जुनी-मोरगावची पुढची गाडी कुणाची चुकली? बस पुढे गेली आणि ती चाळीस माणसे लाखांदूर, पवनी, मोहाडीच्या खेड्यांत पांगली. त्यांची नावे आपल्याला कळणार नाहीत. ती आपल्याला ओळखत नाहीत, आणि आपण त्यांना शोधू शकत नाही. मुस्लिम यांच्या संग्रहात प्रेषितांनी (स.) सांगितलेला कंगाल कोण, हे वाचकांना आठवत असेल. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचे खाल्लेले, कुणाला मारलेले असेल, आणि त्याची पुण्ये एकेका हक्कदाराला वाटली जातील. त्या दिवशी रांगेत उभे राहणारे सगळे आपल्या ओळखीचेच असतील असे नाही.

शुक्रवारचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख फक्त दुकानदारांसाठी लिहिला असे होईल. जुमाच्या वेळी आपल्या अनेक मशिदींसमोर दुचाकी दोन-दोन, तीन-तीन रांगांत लागतात. घाई असते, अजान झालेली असते, आणि सूरह जुमामध्ये व्यापार सोडून नमाजकडे धावण्याचा जो आदेश आहे तो पाळण्याच्या भरात गाडी जिथे थांबते तिथेच राहते. दुपारची बस तेव्हाच येते. मग कुणीतरी आत येऊन मुअज्जिनच्या कानात सांगतो, खुतब्याच्या आधी ध्वनिक्षेपकावरून गाडीचा नंबर पुकारला जातो, आणि तिसऱ्या सफेत बसलेला एक जण उठतो. बाहेर जायला त्याला लोकांच्या खांद्यांवरून पाय टाकत जावे लागते. जुमाच्या दिवशी असे करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) खाली बसायला सांगितले होते, कारण तो लोकांना त्रास देत होता. येथे तर त्याला बसताही येत नाही, बस बाहेर थांबलेली आहे. तो ओशाळून चपला शोधतो, दुचाकी ढकलत गल्लीत नेतो आणि परत येतो तोवर इमामसाहेब मिंबरवर बसलेले असतात. बसमधले प्रवासी तोपर्यंत खिडकीतून मशिदीकडे पाहत असतात.